घरच्यांसमोर बघण्यासारखं

कडेगावाहून जाऊबाईंचा फोन.
'ते कोरियातलं काय लावता म्हणं तुम्ही रात्रीचं,
पोरंबाळं घेऊन बघण्यासारखं हाय का?'
मी भाकरी परतत होते.
म्हटलं, सांगते.
आठ दिवस झाले, सांगता आलेलं नाही.

त्याचं असं आहे जाऊबाई,
सोळा भाग आहेत. हिंदीतून बोलतात.
ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात,
सेलमहून यांचा व्हिडिओ कॉल येतो तसंच.

शिवीगाळ नाही. अपुरे कपडे नाहीत,
उलट गळ्यापर्यंत लोकर, कारण तिकडं सारखा बर्फ.
इथं विट्यात नळाला चौथ्या दिवशी पाणी
आणि तिथं रस्त्यावर फुकट पांढरं पडतंय.
आमचा रुद्र विचारतो,
'वितळल्यावर ह्यांच्या टाक्या भरत असतील का गं?'

तात्याही बसतात.
पाठ टीव्हीकडं, तोंड शोकेसकडं.
शोकेसच्या काचेत सगळं दिसतं त्यांना.

सहाव्या भागापर्यंत तो हातसुद्धा धरत नाही तिचा.
सातव्यात धरतो, तेही ती घसरली म्हणून.
आठव्यात मात्र आहे ते.
सानिकाला आधीच माहीत असणार,
ऐन वेळेला रिमोट उशीखाली गेला.
मी उठले, दूध उतू जातंय म्हणत.
फ्रीजमधलं दूध.
रुद्रनं डोळे झाकले, बोटं फाकवून.
तात्यांना ठसका लागला,
मागचं गाणं संपेपर्यंत लागलेला राहिला.
निभावलं. त्याचं काही नाही.
हळदीच्या डीजेला याहून नको ती गाणी वाजतात
आणि त्यावर आपण सगळे नाचतो,
तुम्हीसुद्धा, मागच्या वैशाखात.

अवघड झालं ते अकराव्या भागात.
काही म्हणजे काही घडत नाही त्यात.
ती कामावरून उशिरा येते, दमून.
तो दारातच गुडघ्यावर बसतो,
तिच्या बुटाची नाडी सोडतो.
विचारतो, जेवलीस का.
ती म्हणते, हो.
तो म्हणतो, खोटं.
आणि भात वाढतो.

एवढंच.

घरात कुणी कुणाकडं बघेना.
पंख्याचा आवाज केवढा झाला.
तात्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला,
पुसतच राहिले.
सासूबाई कशा जेवायच्या, तुम्हाला ठाऊकच आहे.
उभ्या उभ्या, ओट्याला टेकून,
सगळ्यांची ताटं घासायला पडल्यावर.
मग म्हणाले,
'ह्यो गडी शेतात टिकायचा न्हाई.'
आणि बाहेर जाऊन
कोरडा नळ बराच वेळ पिळत बसले.

सानिका माझ्याकडं बघत होती.
पंधरा वर्षांची पोर, तिला काय दिसलं कोण जाणे.
म्हणाली, 'मम्मी, बंद करू?'
आठव्या भागाला नव्हतं विचारलं तिनं.

यांचा फोन दहाला येतो, भट्टी विझवल्यावर.
तेजाबानं अंगठ्याच्या रेषा गेल्यात,
फोन त्यांना ओळखत नाही,
आकडे दाबून उघडतात.
सिलिंडर आला का. फी भरली का. तात्यांच्या गोळ्या.
अठरा वर्षं हेच, ह्याच क्रमानं,
आणि ठेवता ठेवता, जेवलीस का.
मी रोज हो म्हणते.
कधी जेवलेली असते, कधी नसते,
त्यात विचार करण्यासारखं काय आहे.

त्या रात्री म्हटलं, नाही.

त्यांचा चेहरा पडद्यावर थांबला.
रेंज गेली असेल.
मग ओठ हलले,
शब्द अजून यायचे होते.

तर जाऊबाई, पोरं खुशाल बसवा.
मोठ्या भावजींना मात्र अकराव्या भागाला
पाण्याच्या पाळीवर पाठवा.
किंवा राहू दे,
नका पाठवू.